महर्षी ऋतंभरांचा उपवास

१

सोमवारी सकाळी स्नान आटोपून अण्णाराव बिरादार पाटावर बसले. भस्माची तीन बोटे त्यांनी कपाळी ओढली आणि नित्याप्रमाणे छातीवर हात नेला. तेथे काही नव्हते.

उपनयनापूर्वी बटूला जे जानव्याचे अप्रूप, त्याहून कितीतरी अधिक लिंगायत घरात इष्टलिंगाचे असते. जांभळाएवढे ते काळेभोर लिंग गुरूने एकदा तळहातावर ठेवले, की श्वास सरेपर्यंत देहापासून दूर करायचे नाही, रोज तळहातावर घेऊन पूजायचे, आणि पूजेवाचून अन्न घ्यायचे नाही. अण्णारावांचे वय अडुसष्ट. आठव्या वर्षी घेतलेले लिंग त्यांनी साठ वर्षे सांभाळले होते.

शोधाशोध झाली. आदल्या दिवशी लातूरला घालून गेलेला सदरा खुंटीवर टांगलेला होता. त्याच्या खिशात लिंगाची चांदीची डबी सापडली. गळ्यात बांधायचा दोरा तिच्याभोवती नीट गुंडाळलेला होता आणि झाकण बसलेले होते. उघडून पाहिली, तर आत लिंग नव्हते.

मुखेडपासून दोन कोसांवरच्या त्या गावात अण्णारावांना नावाने हाक मारणारे आता थोडेच उरले होते. बाकी सारे ‘महर्षी’च म्हणत. तारुण्यात हा मनुष्य मुंबईस गेला आणि दूरदर्शनच्या पडद्यावर तिसरा हवालदार, वाईट बातमी सांगणारा डॉक्टर, लग्नात अक्षता टाकणारा मामा असे करीत करीत पंधरा वर्षे उभा राहिला. मग ‘अरण्यतीर्थ’ या पौराणिक मालिकेत त्याला महर्षी ऋतंभरांची भूमिका मिळाली. ती नऊ वर्षे चालली. त्या काळी संध्याकाळी साडेसातला बायका पदर सावरून दूरचित्रवाणी संचासमोर बसत, आणि महर्षींनी आशीर्वादाचा हात उचलला की पडद्यालाच नमस्कार करीत. मालिका संपल्यावर मात्र त्यांना कोणी दुसरे काम दिले नाही. जे मुख लोकांनी ऋषीचे मानले, त्याला पुन्हा हवालदार कोण करणार? पत्नीच्या निधनानंतर चार वर्षांपूर्वी ते गावी परतले होते.

रिकामी डबी त्यांनी पाटावर ठेवली. वाढलेले ताट दूर सारले.

“लिंग अंगाला लागेपर्यंत अन्न नाही,” ते म्हणाले. “आणि हे काम बाहेरच्याचं नाही. बाहेरचा चांदी नेतो, दगड ठेवतो. पुतण्याला, सोमेशला बोलवा.”

२

देगलूरचे रामलिंग स्वामी निवृत्त फौजदार होते, आणि जन्माने जंगम, म्हणजे या समाजाचे पुरोहित. शांतम्माच्या निरोपावरून मंगळवारी दुपारी ते एस.टी.तून उतरले, तेव्हा अण्णारावांची ही थोरली भावजय दारातच उभी होती.

“बर्री अय्या, या,” ती म्हणाली. “दुसरा दिस हाय. औषधापुरतं पाणी घेऊन राहिले, बस. मुखेडचा डॉक्टर म्हणला, साखरेचा आजार हाय, शुक्रवारच्या पुढची जबाबदारी माझी न्हाई. तुमीच समजावा.”

“मठातून दुसरे लिंग आणता येईल, असे सांगितलेत?”

“सांगितलं की. म्हणले, साठ वर्षांची बायको हरवली तर दुसरी आणून देता का? म्या म्हणलं, लोक आणतेत की. तर तोंड फिरवून बसले.”

अण्णाराव ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. ओठ सुकले होते, तरी पाठीचा कणा ताठ होता. रामलिंगांनी डबी हाती घेऊन उलटसुलट पाहिली.

“आत लिंगाभोवती वस्त्र असेल ना?”

“भगव्या रेशमाचा तुकडा. तोही नेला.”

रामलिंगांनी डबी खाली ठेवली. “रविवारी लातूरला काय काय झाले, ते क्रमाने सांगा.”

“सत्कार झाला. शाल दिली, श्रीफळ दिलं, तीन भाषणं झाली. त्यातलं एक माझ्याविषयी होतं.” ते किंचित हसले. “मग घरी आलो.”

“लिंग त्या वेळी?”

“छातीवर. सबंध दिवस छातीवर. शपथेवर सांगतो.”

“एक विचारू का? ऋषीची भूमिका उघड्या अंगाने करायची. गळ्यात रुद्राक्ष, बाकी काही नाही. मग नऊ वर्षे आपण लिंगाचे काय करीत होता?”

अण्णारावांनी डोळे मिटले. “देहावेगळं केलं नाही, एवढं सांगतो. कुठे ठेवीत होतो ते मी जाणतो, देव जाणतो आणि माझा मेकअपवाला देविदास जाणत होता. देविदास करोनात गेला. आता विचारू नका.”

रामलिंगांनी विचारले नाही. पण उठताना पुन्हा एकदा डबीकडे पाहून ते शांतम्माला हळूच म्हणाले, “वहिनी, ज्याने हे घेतले, त्याने ते वस्त्रात गुंडाळून घेतले. द्वेषाने नेणारा मनुष्य एवढी काळजी घेत नाही.”

३

सोमेश हा शांतम्माचा मुलगा आणि अण्णारावांचा पुतण्या. वय पस्तिशीचे. गोठ्यात तो म्हशीपुढे कडबा टाकीत होता. त्याच्या गळ्यात लिंग नव्हते.

“पाच वर्षं झाली,” न विचारताच तो म्हणाला. “ट्रॅक्टरच्या पंख्यात दोरा अडकला. मान गेली असती. तवापासून देव्हाऱ्यात ठिवलंय. काका त्या दिवसापासून मला भवी म्हणतेत. म्हंजे लिंग नसलेला. पाव्हण्यारावळ्यांसमोर म्हणतेत.”

“राग येत असेल.”

“रोज येतो. राग आला की म्या म्हशीला दोन शिव्या देतो. तिलाबी आता सवय झालीय, दिल्या न्हाईत तर दूध देत न्हाई.” तो हसला, पण लगेच त्याचा चेहरा उतरला. “अय्या, रागानं देव चोरतंय का कुणी? अन् चोरला असता तर दोन दिस त्या म्हाताऱ्याला उपाशी बघत बसलो असतो?”

“रविवारी गाडी तुम्हीच चालवत होता?”

“हाव. जाताना बी, येताना बी. कार्यक्रमाला आत नव्हतो. बाहेर गाडीपाशी. येताना जांबच्या पुढं आलो, तर काका म्हणले, उद्याचा कॉल टाइम किती? शूटिंगला कधी यायचं ते. म्हणलं गंमत करून राहिले. म्या बी म्हणलो, सात वाजता, म्हशीसंगं. हसले न्हाईत. थोड्या वेळानं परत विचारले. अन् मुखेडच्या अलीकडं परत.”

रामलिंगांनी हे टिपून घेतले नाही. टिपण्याची त्यांना गरज पडत नसे. परत ओसरीवर येऊन त्यांनी शांतम्माला सहज विचारले, “अलीकडे अण्णांचे खाणेपिणे कसे होते?”

“लई बरं होतं. गेल्या महिन्यात तर दोनदा जेवायचे. जेवून, हात धुवून, परत पाटावर येऊन बसायचे. म्या वाढायची. म्हणायचे, वहिनी, आज उशीर केला.” ती थांबली. “म्हातारपणी भूक लागती कुणाकुणाला.”

रामलिंगांनी तिच्याकडे पाहिले. तिने नजर फिरवून चूल सारखी केली.

४

अण्णारावांची मुलगी आरती लातूरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. सत्काराहून वडिलांबरोबर गावी न जाता ती परीक्षांसाठी तेथेच राहिली होती. तिने जातीबाहेर लग्न केले, तेव्हापासून वडील तिच्या घरी पाणी घेत नाहीत. तिच्याच शब्दांत, ते येतात, सोफ्यावर बसतात, स्वतःच्या बाटलीतले पाणी पितात आणि घर छान आहे म्हणतात.

बुधवारी सकाळी रामलिंग तिच्यासमोर बसले. तिचे डोळे जागरणाने लाल होते.

“तुमच्यावरही संशय घेता येतो,” ते सौम्यपणे म्हणाले. “लिंग नाही, तर तो नियमही नाही. नियम नाही, तर अप्पा तुमच्या घरी राहायला येऊ शकतात.”

“हो,” ती म्हणाली. “मनात आलं असतं तर मीही स्वतःवर तोच संशय घेतला असता. पण मी त्यांच्याजवळ गेलेच नाही. पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर चित्रण करत होते.”

“कसले चित्रण? शाल देतानाचे?”

“नाही, प्रवेशाचं. सत्कार ठेवणाऱ्या रविकांतकाकांनी आयत्या वेळी गळ घातली ना. महर्षींच्या वेषात पाच मिनिटं तरी या म्हणाले. कपडेपट आधीच मागवून ठेवला होता.”

अण्णारावांनी शाल सांगितली होती, श्रीफळ सांगितले होते, तीन भाषणेही मोजून सांगितली होती. प्रवेशाचा उच्चारही केला नव्हता.

आरतीने चित्रफीत लावली. रंगमंचावर महर्षी ऋतंभर उभे होते. भगवे धोतर, रुद्राक्षांच्या माळा, भरघोस पांढरी दाढी आणि डोक्यावर उंच बांधलेला जटांचा जूट. बाकी अंग उघडे. वाणी खणखणीत होती. एक शब्द चुकला नाही. शेवटी त्यांनी दोन्ही बाहू उंचावून आशीर्वाद दिला, आणि सभागृहातले लोक उठून उभे राहिले.

“थांबवा,” रामलिंग म्हणाले.

चित्र थांबले. उघड्या छातीवर रुद्राक्ष होते. लिंग नव्हते.

शपथेवर ज्याने ‘सबंध दिवस छातीवर’ असे सांगितले, त्याच मनुष्याचे हे चित्र होते.

५

रविकांत लातूरचे जुने नट. सत्कार त्यांच्याच मंडळाने ठेवला होता. ऋषीच्या भूमिकेसाठी एकेकाळी त्यांचीही निवड व्हायची होती, हे साऱ्या लातूरला ठाऊक आहे, कारण ते स्वतःच सांगतात.

“हेवा? आहे की,” ते म्हणाले. “तीस वर्षं जपलाय. पण तो मी असा दगड चोरून का संपवीन, स्वामी? आणि मी रंगपटात पाऊल ठेवलं नाही. आधी मंचावर सूत्रसंचालन करत होतो, नंतर पाहुण्यांना जेवायला घालत होतो. आत फक्त मेकअपवाली राजकन्या होती.”

राजकन्या औसा रोडवर ब्यूटी पार्लर चालवते. नवरीची रंगभूषा हा तिचा मुख्य उद्योग. कधी शाळांची स्नेहसंमेलनेही करते. रामलिंगांनी आपण पोलिसांतले होतो हे सांगताच तिने समोरच्या खुर्चीतल्या बाईच्या केसांना फडके गुंडाळले आणि त्यांना आतल्या खोलीत नेले.

“माझ्यावर नाव आलंय का, काका?”

“अजून कोणावरच आलेले नाही. जे घडले तेवढे सांगा.”

“मी त्यांना दाढी चिकटवली, भस्म लावलं. मग टोप हातात घेतला, जटांचा. तर म्हणले, टोप मी स्वतः बसवतो, तू जरा पिना घेऊन ये. मी म्हणलं, पिना इथंच हायत की. म्हणले, मोठ्या आण. गेले. मी पिना घेऊन आले तर आतून कडी. दोनेक मिनिटांनी उघडली. टोप बसला होता. असा पक्का बसवला होता की काय सांगू. म्हणलं, सर, पार्लरला ठेवून घेते तुम्हाला.”

“त्यांचा सदरा कुठे होता?”

“घडी करून खुर्चीवर. त्यांनीच केली.”

“आणि प्रवेश संपल्यावर?”

राजकन्या जरा घुटमळली. “ते आरशासमोर येऊन बसले. मला वाटलं, आता टोप काढतेत. तर नुसते बसून राहिले. आरशात माझ्याकडं बघत. कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून बसतं ना माणूस, तसं. बाहेर लोक फोटोसाठी दार वाजवत होते. मग मीच टोप उतरवला, दाढी काढली, सगळं पेटीत भरलं. त्यांनी गुमान सदरा घातला अन् गेले. जाताना मला म्हणले, देविदास कुठाय?”

“तुम्ही काय सांगितले?”

“म्हणलं, जेवायला गेले असतील. मला काय माहीत कोण देविदास.”

६

सायंकाळी रामलिंग पुन्हा आरतीकडे आले आणि त्यांनी तीच चित्रफीत पुन्हा त्याच ठिकाणी थांबवली.

“बसा,” ते म्हणाले. “चोर कसा असावा, ते प्रथम पाहू. त्याने चांदी ठेवली, म्हणजे त्याला लोभ नव्हता. लिंग वस्त्रात गुंडाळून घेतले, म्हणजे द्वेषही नव्हता. डबीला दोरा गुंडाळून ती घडी केलेल्या सदऱ्यात ठेवली, म्हणजे त्याला घाई नव्हती. हे सारे आतून कडी असलेल्या खोलीत झाले. त्या खोलीत एकच मनुष्य होता.”

आरतीने मोबाइल जवळ ओढला.

“आता, लिंग देहावेगळे न करण्याचा त्यांचा नियम. आमच्या शास्त्राने लिंगधारणाची सहा स्थाने सांगितली आहेत. मस्तक, कंठ, काख, वक्ष, कूस आणि तळहात. नाभीच्या खाली नाही. या चित्रात पाहा. कंठ उघडा, वक्ष उघडे, कूस उघडी. बाहू वर उचलले आहेत, म्हणजे काख दिसते. दोन्ही तळहात आशीर्वादासाठी पसरलेले आहेत. पाच स्थाने रिकामी आहेत. सहावे आपल्याला दिसत नाही, कारण त्यावर वीतभर उंच जटा आहेत.”

“टोपात,” आरती म्हणाली.

“नऊ वर्षे ते तेथेच ठेवीत असले पाहिजेत. मस्तक हे तर सर्वांत श्रेष्ठ स्थान. आता मला एवढेच कळत नाही, की नऊ वर्षांत जे कधी विसरले नाहीत, ते टोप उतरवताना रविवारी कसे विसरले.”

आरतीने मोबाइल उपडा ठेवला. “मी लहानपणी सेटवर जायचे. चित्रीकरण संपलं की अप्पा आरशासमोर बसायचे. देविदासकाका मागे उभे राहायचे, टोपाला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, ‘अण्णा, आधी तुम्ही.’ मग मला बाहेर पाठवायचे. मला वाटायचं, मान देतात.”

“त्या तीन शब्दांची ते वाट पाहत होते,” रामलिंग म्हणाले. “नटाला पुढचे वाक्य आठवते, ते समोरच्याने आपले वाक्य म्हटल्यावर. रविवारी ते कोणी म्हटले नाही. पण नुसते टोपातले लिंग विसरणे निराळे, आणि सबंध प्रवेश विसरणे निराळे. त्यांना आपण उभे राहिलो हेच आठवत नाही. जेवलेले आठवत नाही. हे तुम्हाला ठाऊक होते.”

तिने उठून कपाटातून एक पाकीट काढले. मेंदूच्या डॉक्टरांचे होते, दोन महिन्यांपूर्वीचे. डोळे तपासायला नेते असे सांगून तिने वडिलांना तेथे नेले होते.

“याला औषध नाही म्हणाले. वेग थोडा कमी करता येईल, तोही कदाचित.” पाकिटावरून तिने बोट फिरवले. “सोमवारी फोन आला तेव्हाच माझ्या मनात आलं, की ठेवलं असेल कुठेतरी स्वतःच. तरी सोमेशचं नाव निघालं आणि मी गप्प बसले. मला वाटलं, चोर निघाला तर किती बरं होईल.”

७

कपडेपट नांदेडच्या व्यंकट नावाच्या ड्रेपरीवाल्याकडून, म्हणजे नाटकांचे कपडे आणि टोप भाड्याने देणाऱ्याकडून आला होता. गुरुवारी सकाळी दोघे त्याच्या दुकानात पोहोचले, तेव्हा दर्शनी खुंट्यांवर राजे, राक्षस आणि वारांगना ओळीने लटकत होत्या. जटांचा टोप नव्हता.

“तो अर्धापूरला गेलाय, काल,” व्यंकट म्हणाला. “शाळेत विश्वामित्र हाय.”

आरतीने दाराच्या चौकटीला हात टेकला.

“पण थांबा,” व्यंकटने तिच्याकडे निरखून पाहिले. “टोप पाहिजे, का टोपातलं?”

तो आत गेला. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याच्या देवांचा कोनाडा होता. तिथल्या पितळी ताम्हनात, जास्वंदीच्या ताज्या फुलाखाली, भगव्या रेशमाचे लहानसे गाठोडे होते.

“टोप परत आला की म्या जटा सोडून विंचरतो. तवा हातात आलं. म्या पद्मशाली, आमच्यात लिंग न्हाई, पण देव कळतो की माणसाला. त्या पेटीतला टोप चार दिवसांत तीन गावं फिरलेला. कुणाला फोन करू? मंडळाला केला, उचलला न्हाई. मग म्हणलं, ज्याचं हाय तो उपाशी असंल, येईलच.” त्याने ताम्हन पुढे केले. “म्या हात लावत न्हाई. स्वामी, तुमीच घ्या.”

परतीच्या वाटेवर लोहा मागे पडले. मग आरती म्हणाली, “काय सांगायचं त्यांना?”

रामलिंगांनी चाळीस वर्षांत अनेकांना अनेक सत्ये सांगितली होती. खुन्याच्या आईलाही सांगितली होती. ते बाहेर पाहत राहिले.

“मला ठाऊक नाही,” ते म्हणाले.

८

दिवस मावळण्याआधी ते पोहोचले. अण्णाराव आता आडवे होते. रामलिंगांनी हातपाय धुतले, भस्म लावले आणि गाठोडे सोडून लिंग त्यांच्या तळहातावर ठेवले. अण्णारावांनी अंगठ्याने ते चाचपले. मग शांतम्माने आधार देऊन त्यांना उठवून बसवले आणि त्यांनी पूजा केली. मंत्रांत कोठेही अडखळले नाहीत. पूजा झाल्यावर पातळ भाताची पेज त्यांनी चार चमचे घेतली, मग आणखी चार. सोमेश ओसरीच्या पायरीवर उभा राहून पाहत होता.

वाटी खाली ठेवून अण्णाराव म्हणाले, “स्वामी, कोणी घेतलं होतं?”

आरतीने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “अप्पा, सापडलं ना. आता राहू दे.”

“राहू कसं दे? साठ वर्षं ज्याला देहावेगळं केलं नाही, ते कोणी तरी माझ्या अंगावरून काढलं. मला कळलंसुद्धा नाही. म्हणजे मी काय मेलो होतो?” ते रामलिंगांकडे वळले. “स्वामी, तुम्ही जंगम आहात. माझ्याशी असत्य बोलणार नाही. सांगा.”

रामलिंगांचे ओठ हलले. सहा स्थाने, कडी, दोरा, वस्त्र, सारे तर्क जिव्हाग्रावर होते, आणि त्यातला एकही त्या मनुष्यापुढे ठेवता येण्यासारखा नव्हता.

“म्या घेतलं, काका,” सोमेश म्हणाला.

शांतम्माने त्याच्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

“तुमी भवी म्हणता म्हणून घेतलं. गाडीत झोपला होता तवा काढलं. चुकलं माझं.”

अण्णारावांनी त्याच्याकडे पाहिले. मग म्हणाले, “माझ्यासमोरून जा.”

सोमेश गोठ्याकडे गेला. रामलिंग उठून त्याच्या मागोमाग गेले.

“हे तुम्ही का केलेत?”

“मग काय म्हणायचं होतं, अय्या? तुमाला जमत नव्हतं, ताईला जमत नव्हतं.” त्याने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. “दोन दिस शिव्या देतेल. नंतर विसरतेल. आता विसरायचंच हाय की त्यान्ला.”

रविवारी सकाळी प्रकृती विचारण्यासाठी रामलिंग पुन्हा गावी आले. अण्णाराव पाटावर बसले होते. गालांवर रंग परतला होता. स्वामींना पाहून त्यांनी आदराने आसन दिले, चहा सांगितला आणि लातूरचा सत्कार कसा झाला ते सविस्तर सांगितले. शाल, श्रीफळ, तीन भाषणे.

आतून सोमेश चहा घेऊन आला. अण्णारावांनी कप घेतला. त्यांचा दुसरा हात छातीवर गेला, डबीवर थांबला, आणि कपाळावर आठी पडली.

“सोमेश,” ते म्हणाले, “हे कोणी तरी नेलं होतं रे. कोणी नेलं होतं?”

शांतम्मा चुलीपासून म्हणाली, “अय्या, शुक्रवारपासून रोज सकाळी.”

सोमेशने किटली खाली ठेवली आणि काकांसमोर हात जोडले.

“म्या नेलं होतं, काका,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

“माझ्यासमोरून जा,” अण्णाराव म्हणाले.

तो किटली उचलून आत गेला. रामलिंगांच्या हातातला चहा निवत चालला होता. अण्णारावांनी तो गरम करून आणायला सांगितले, आणि आणणारा सोमेशच होता.